टोपी, केस आणि हप्ते

गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. घर धुळ्याला, वडील पॉवरलूमवर, स्वतः आता जळगावात एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. वय सव्वीस. शीरखुर्मा झाला, जुन्या शाळेच्या गप्पा झाल्या, पण त्याने डोक्यावरची टोपी काही काढली नाही. नमाज तर केव्हाच झाली होती. बायको आत जाता जाता मला म्हणाली, "मुलगा चांगला दीनदार झालाय हो." मी गप्प बसलो. कारण पंचविसाव्या वर्षी मीही असाच एकाएकी दीनदार झालो होतो.

निघताना जिन्यात तो थांबला. टोपी काढली. कानशिलांवरून केस मागे सरकलेले, माथ्यावर विरळ. "सर, एक विचारायचं होतं," म्हणाला आणि मोबाईल पुढे केला. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने हेअर ट्रान्सप्लांटचा हिशेब पाठवला होता. अडीच हजार ग्राफ्ट, नव्वद हजार रुपये, बारा हप्ते. ईदची ऑफर रविवारपर्यंत. त्याचा पगार अठरा हजार. डिसेंबरात निकाह ठरलेला. मुलीकडच्यांनी पाहिलेला फोटो तीन वर्षांपूर्वीचा. "करून टाकू का, सर?"

मी डॉक्टर नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण या विषयात माझं एक मत झालेलं आहे, आणि ते मी बऱ्यापैकी पैसे घालवून कमावलेलं आहे. तरुण वयात केस जायला लागले की आपली मुलं उपाय उलट्या क्रमाने निवडतात. आधी जाहिरात, मग पैसे, मग पश्चात्ताप आणि अगदी शेवटी डॉक्टर. हा क्रम सुलटा केला तर केस किती वाचतील ते ज्याच्या त्याच्या नशिबावर, पण पैसा, वेळ आणि थोडी इज्जत नक्की वाचते.

आधी माझी कहाणी, म्हणजे मी वरून बोलतोय असं वाटायला नको. बीएड करत होतो तेव्हा कंगव्यात केस यायला लागले. अम्मीने कलौंजीचं तेल दिलं. मित्राने कांद्याचा रस सांगितला. वर्गात माझ्या शेजारी कोणी बसेना. मग अंडं, मग मेथी, मग कोणीतरी म्हणालं तीनदा चकोट करून टाक, दाट येतात. तीनदा केलं. जत्रेतल्या एका तंबूतून जडीबुटीच्या तीन बाटल्या आणल्या, त्यात शिकवणीचे दोन महिन्यांचे पैसे गेले. बत्तिसाव्या वर्षी माथा मोकळा झाला. या सात वर्षांत त्वचारोगतज्ज्ञाकडे मी एकदाही गेलो नाही. लाज वाटायची. केसांसाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे बायकी नखरे, अशी आमच्या मोहल्ल्यातली समजूत. तंबूवाल्याकडे जायला मात्र लाज वाटली नाही.

पहिली गोष्ट कारणाची. केस गळण्याचं कारण एकच नसतं, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्याने अलीकडेच दाखवून दिलं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस अचानक हातात यायला लागले. जळगावहून रेल्वेत बसलं की भुसावळ, मलकापूर, नांदुरा ओलांडून शेगाव, म्हणजे आपल्याच रस्त्यावरची ही गावं. डोकं खाजायचं आणि काही दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, मुलं, सगळ्यांना. अडीचशेहून जास्त लोक. आधी पाण्यावर संशय गेला, शाम्पूवर गेला. दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले.

त्या दिवसांत जळगावातही टक्कल पडत चाललेला प्रत्येक तरुण रेशनच्या गव्हाकडे संशयाने बघत होता. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात. रुपयाएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई. खपल्या, खाज आणि तुटलेले केस असतील तर बुरशी असू शकते. आणि कानशिलं मागे सरकत जाणं, माथा विरळ होणं, मागची आणि बाजूची झालर मात्र शाबूत राहणं, हे अनुवंशिक पुरुषी टक्कल. ते वर्षानुवर्षं, सावकाश चालतं. चाईवरचं औषध याला चालत नाही आणि याचं औषध बुरशीला. बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली कांद्याच्या रसावर एक छोटा अभ्यास केला होता खरा, पण तो चाईच्या रुग्णांवर. आमच्या डोक्यावर तो रस म्हणजे रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

म्हणून पहिला खर्च करायचा तो निदानावर. धुळ्यात आणि जळगावात, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथे त्वचारोगाची ओपीडी असते. केसपेपर काढायला लाज कसली?

दुसरी गोष्ट, हे टक्कल पडतं कशाने. तेल न लावल्याने पडत नाही. टोपीने, हेल्मेटने किंवा गरम पाण्याने पडत नाही. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की ज्या पुरुषांचे वृषण वयात येण्याआधीच निकामी झाले किंवा काढले गेले, त्यांना असं टक्कल पडत नाही. पण त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं की घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जायला लागतात. म्हणजे दोन गोष्टी लागतात, संप्रेरक आणि वारसा. १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिक या देशातल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरांतल्या काही मुलग्यांच्या शरीरात एक विकर जन्मतःच कमी होतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डीएचटी नावाच्या जास्त जोरकस संप्रेरकात होत नव्हतं. ही मुलं मोठी झाली तरी त्यांना टक्कल पडत नव्हतं. आपल्या माथ्यावरचे केस या डीएचटीला जन्मतः हळवे असतात. ते एकदम पडत नाहीत, दर फेरीला बारीक आणि आखूड होत जातात, शेवटी लव उरते. मामूंना टक्कल म्हणून भाच्याला, हा आपल्याकडचा समज अर्धाच खरा. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण बापाकडूनही बरंच काही येतं.

यातून निवडीसाठी एक सोपा नियम निघतो. केस बारीक होत असताना उपाय चालतो, मुळं मरून गेल्यावर औषध चालत नाही. सव्वीस वर्षांच्या मुलाकडे वेळ आहे. माझ्याकडे तो होता तेव्हा मी अंडी फोडत बसलो.

आता उपाय. जाहिराती पन्नास, पण भक्कम पुरावा असलेली औषधं प्रामुख्याने दोन.

पहिलं मिनॉक्सिडिल. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं. अमेरिकेत १९७९ मध्ये रक्तदाबासाठी गोळी मंजूर झाली आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायचं औषध. पुरुषांसाठी साधारण ५ टक्क्यांचं, दिवसातून दोनदा, कोरड्या त्वचेवर. ते किमान चार तास धुतलं जाऊ नये, म्हणून आपल्या लोकांनी फजरनंतर एकदा आणि इशानंतर एकदा लावावं. जोहरच्या वुजूपर्यंत भरपूर वेळ मिळतो. पहिल्या एक-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात. इथेच निम्मी मुलं बाटली फेकतात. ते जुने केस जागा सोडत असतात. खरा फरक चार ते सहा महिन्यांनी कळतो. काहींना खाज येते, काहींना फारसा गुण येत नाही. छातीत धडधड, चक्कर वाटली तर थांबवून डॉक्टरला विचारायचं. आणि घरात मांजर असेल तर फार जपायचं, कारण हे औषध मांजरासाठी विष आहे; डोकं किंवा उशी चाटलं तरी जीव जाऊ शकतो.

दुसरं फिनास्टेराइड. हे त्या विकरालाच अडवतं. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये आली, केसांसाठी १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये. दीड हजारावर पुरुषांवर झालेल्या चाचण्यांत पाच वर्षांनंतरच्या फोटोंवरून पाहता गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांचे केस होते तेवढे टिकले किंवा वाढले, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांचे आणखी गेले. एवढा स्पष्ट फरक कोणत्याही तेलाने दाखवलेला नाही.

मग सगळ्यांनी घ्यावी का? इथे मी थांबतो. त्याच चाचण्यांत पहिल्या वर्षी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण चार जणांना लैंगिक त्रास जाणवला. खोटी गोळी घेणाऱ्यांत दोघांना. बहुतेकांचा तो गोळी बंद केल्यावर गेला, पण बंद करूनही त्रास राहिल्याच्या तक्रारी पुढे नोंदल्या गेल्या. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हाही या गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. म्हणजे ही गोळी चॉकलेटसारखी मित्राकडून घ्यायची नाही. मनाचा आजार होऊन गेला असेल, उदास वाटत असेल, तर डॉक्टरला आधी सांगायचं. मूल हवं असेल तर तेही सांगायचं, कारण काहींच्या वीर्यावर परिणाम होतो. गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. हे सगळं ऐकून कोणी गोळी घेतली तर तो शहाणा, आणि नाही घेतली तरी तो शहाणा. न ऐकता घेणारा आणि व्हॉट्सअॅपवर वाचून घाबरणारा, दोघेही सारखेच.

दोन्ही औषधांची एक अट समान आहे. बंद केली की काही महिन्यांत कमाई निघून जाते. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न "बाटली कितीला?" हा नाही. धरून चाला, महिन्याला सहाशे रुपये लागतात. वर्षाला सात हजार दोनशे. वीस वर्षांत एक लाख चव्वेचाळीस हजार. हे जमणार असेल तर सुरू करा. सहा महिने लावून सोडून द्यायचं असेल तर त्या पैशांत अम्मीला चष्मा करून द्या.

बाकी गोष्टी थोडक्यात. बायोटिनच्या गोळ्या शरीरात बायोटिनची कमतरता असेल तरच उपयोगी, आणि ती क्वचित असते. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या सुयांचे निकाल कुठे बरे, कुठे काहीच नाहीत, आणि प्रत्येक सुईला पैसे. तेलाने केस मऊ होतात, डोक्याला बरं वाटतं. टक्कल थांबत नाही. आपल्या कायद्यालाही हे माहीत आहे. १९४५ च्या औषध नियमांना जोडलेली 'जे' नावाची अनुसूची आहे. जे आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, त्यांची ती यादी. त्या यादीत कर्करोग आहे, अंधत्व आहे आणि टक्कलही आहे. तरी आपल्या बसस्टँडच्या भिंती बघा. मार्च २०२५ मध्ये पंजाबच्या संगरूरमध्ये टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं. डोक्याला तेल लावून घेतलेले साठहून अधिक लोक लाल, सुजलेले डोळे घेऊन दवाखान्यात गेले.

आता ट्रान्सप्लांट. ते खोटं नाही. मागच्या झालरीचे केस डीएचटीला हळवे नसतात आणि पुढे लावले तरी त्यांचा स्वभाव बदलत नाही, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं. आजचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. पण हे नवे केस नव्हेत. मागची माती उचलून पुढे टाकायची, आणि मागची खाण मर्यादित. सव्वीसाव्या वर्षी टक्कल कुठपर्यंत जाणार हे ठरलेलं नसतं. पुढची रांग लावून घेतली आणि तिच्या मागचे मूळचे केस पुढच्या पाच वर्षांत गेले, तर समोर बेट आणि मागे खाडी. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा हप्ते. त्यामुळे चांगले डॉक्टर तरुण मुलाला आधी औषधावर ठेवतात, वर्षभर बघतात. रविवारपर्यंतची मुदत देणारा माणूस तुमच्या डोक्याचा नाही, त्याच्या महिन्याच्या टार्गेटचा विचार करतोय.

आणि ही शस्त्रक्रिया आहे, कटिंग नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांच्या एका व्यावसायिकाने एका बैठकीत हजारो ग्राफ्ट लावून घेतले. नंतर त्याला श्वासाचा त्रास झाला, चेहरा सुजला, आणि तो गेला. असं क्वचितच घडतं. पण सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला स्पष्ट सांगावं लागलं की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरानेच करावं. कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून शिकणं पुरेसं नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी विचारलं, "डॉक्टरचं नाव काय?" त्याला मॅनेजरचं नाव माहीत होतं.

एक उपाय असा आहे की ज्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कोणाला पैसे मिळत नाहीत. काहीच न करणं. केस बारीक कापून घ्यायचे आणि कामाला लागायचं. मी शेवटी तेच केलं, फक्त सात वर्षं उशिरा. पण हा उपाय दुसऱ्यावर लादू नये. "मर्दाला काय केसांचं पडलंय" असं म्हणणारे बहुतेक दाट केसांचे असतात.

आमच्या वर्गात मी एक गंमत सांगतो. मराठीत गंज म्हणजे लोखंडावरचा तांबडा थर, आणि मोठं पातेलंही. उर्दूत गंज म्हणजे टक्कल, आणि खजिनाही. मुलं हसतात, आणि वर्गात हमखास एक मुलगा असतो जो हसत नाही, कारण त्याच्या बापाला किंवा भावाला त्या नावाने हाक मारतात. थट्टा जिथून सुरू होते तिथूनच तंबूवाल्याचं गिऱ्हाईक तयार होतं.

बुखारी शरीफमधली कोडी, टकला आणि आंधळा या तिघांची हकीकत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी ऐकलेली आहे. फरिश्ता टकल्याला विचारतो, तुला काय हवं? तो चांगले केस मागतो, कारण लोक त्याला पाहून नाक मुरडतात. फरिश्ता त्याला तुच्छ लेखत नाही, उपदेश करत नाही, केस देतो. त्या माणसाची परीक्षा पुढे होते, केस मिळाल्यावर गरजवंताला तो कसा वागवतो यावर. या हकीकतीतून मी एवढं घेतलं की केस हवेसे वाटणं हे पाप नाही आणि उथळपणाही नाही. स्वतःचेच केस लावून घेणं बऱ्याच उलेमांनी जायज मानलं आहे. म्हणजे अडचण धर्माची नाही. अडचण आहे लपवाछपवीची.

कारण खरा प्रश्न त्या तीन वर्षांपूर्वीच्या फोटोचा होता. रिश्त्याच्या बाजारात आपण मुलींचा रंग, उंची, चष्म्याचा नंबर विचारतो आणि मुलाचा फोटो मात्र टोपीसकट पाठवतो. मी त्याला म्हणालो, "नव्वद हजाराचं कर्ज डोक्यावर घेऊन निकाह केलास तर त्या मुलीला केस दिसतील, हप्ते नंतर कळतील. दोन्हींतलं लपवण्यासारखं काय आहे?" तो बराच वेळ जिन्यात उभा होता.

पुढच्या आठवड्यात तो ओपीडीत गेला. निदान तेच निघालं जे अपेक्षित होतं. डॉक्टरांनी दोन्ही औषधं समजावून सांगितली. त्याने मिनॉक्सिडिल घेतलं, गोळीचा विचार निकाहनंतर दोघांनी मिळून करायचं ठरवलं. ऑफर हुकली. मुलीकडे नवा फोटो गेला, विनाटोपीचा. दोन दिवस तिकडून उत्तर आलं नाही आणि ते दोन दिवस त्याने मला किती फोन केले ते मी मोजलं नाही. मग उत्तर आलं, निकाहची तारीख तीच आहे.

केस किती आले? आता सहा महिने झाले. माथ्यावर थोडी दाटी वाटते, कानशिलं जिथे होती तिथेच आहेत. तो म्हणतो फरक आहे, त्याची अम्मी म्हणते नाही. मी दर महिन्याला एकाच खिडकीजवळ, एकाच उजेडात फोटो काढायला सांगितलं आहे. एक वर्षानंतर ते फोटो समोर ठेवून पुढचं ठरवायचं, आणि तेव्हाही आधी डॉक्टरला विचारायचं, हप्तेवाल्याला नाही.

तुमच्या घरात असा एखादा मुलगा जेवतानाही टोपी घालून बसत असेल, तर त्याची थट्टा करू नका आणि त्याला तेलही देऊ नका. त्याला एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. माझ्याबरोबर त्या वयात कोणी गेलं नव्हतं.